अण्णांच्या पेट्या

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत गावी, म्हणजे तासगावला जाऊन आलो. माळा आवरायचं काम दरवर्षी माझ्याकडेच येतं, कारण घरात सगळ्यात उंच मीच. यंदा जुन्या सतरंज्यांखाली एक पेटी सापडली. निळा ऑइलपेंट, कडांना पत्रा, दोन्ही बाजूंना दोरीची कडी. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने अण्णांच्या अक्षरात यादी: मशीन १, माइक २, युनिट ४, पिनांची डबी १, फ्यूजची तार, पेचकस, पान्हा.

मी माळ्यावरूनच ओरडलो, "अण्णा, पेटी सापडली!"

खालून आवाज आला, "आँ? कुणाची बेटी?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याकडे शेवटी परत येईन, आधी पेटीबद्दल.

नात्यातल्यांना माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. १९७३ पासून त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. 'मशीन' म्हणजे अॅम्प्लिफायर आणि 'युनिट' म्हणजे कर्ण्याच्या मागे बसवायचा तो जड गोळा. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, जिथे बोलावणं येईल तिथे अण्णा आणि त्यांच्या पेट्या. आज आपण ज्याला 'मोबाइल डीजे' म्हणतो तेच काम, फक्त नाव वेगळं. गाण्याचा इतिहास लिहिताना लोक गायकांबद्दल लिहितात, संगीतकारांबद्दल लिहितात. पण गाणं या गावातून त्या गावात गेलं ते कुठल्यातरी पेटीत बसून. ती पेटी कशी बदलत गेली, ते या निमित्ताने लिहून ठेवतो.

सुरुवात आजोबांच्या ग्रामोफोनपासून करायला हवी. एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल, जे १९३१ साली बाजारात आलं. काळ्या कातडी कापडाने मढवलेली सूटकेसच ती. झाकण उघडलं की यंत्र आणि मिटलं की सामान! तबकड्या ठेवायची सोयसुद्धा झाकणातच. वाजवायला लागणारी वीज नाही, फक्त चावी. यंत्र आणि त्याची पेटी ही एकच वस्तू होती.

खरी काळजी असायची तबकड्यांची. ७८ च्या तबकड्या लाखेच्या. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातली, छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किडे जी करतात ती. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून तबकडी दाबली जायची. कडक आणि ठिसूळ, हातातून फरशीवर पडली की संपली. एकीचं वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणजे ५० तबकड्या १० किलोच्या घरात जातात, आणि एका बाजूला गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. आजोबांचा नियम होता: तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, एकीवर एक आडव्या रचायच्या नाहीत. आडव्या रचल्या की वरच्यांचा भार खालच्यांवर येतो आणि बैलगाडी एका खड्ड्यात गेली तरी खालच्या दोन-चार तडकतात.

गंमत म्हणजे साधारण याच काळात इंग्लंडात लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावी एक माणूस याच विवंचनेत होता. रॉन डिगिन्स त्याचं नाव. गावोगाव जाऊन कार्यक्रमांना गाणी वाजवायची हा त्याचा उद्योग. १९४९ साली त्याने एक लाकडी मेजच बनवलं. त्यात दोन तबकड्या फिरवायची सोय, मायक्रोफोन आणि दिवे. नाव ठेवलं 'डिगोला'. फिरत्या डिस्कोची सुरुवात सांगताना बरेच जण त्याचं नाव घेतात. मला त्यातलं आवडतं ते हे, की एक गाणं संपताच दुसरं सुरू व्हावं ही आणि सगळं सामान एकत्र हलवता यावं ही, अशा दोन्ही अडचणी त्याने एकाच सुतारकामात सोडवल्या.

आमच्या अण्णांकडे असं मेज नव्हतं. त्यांच्याकडे होती चहाची खोकी. तेव्हा चहा प्लायवूडच्या खोक्यांतून यायचा, कडांना पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांवर बारीक रिव्हेट. वाण्याकडून ती रिकामी खोकी घ्यायची, सुताराकडून झाकण आणि कडी-कोयंडा बसवून घ्यायचा, निळा रंग मारायचा. झाली पेटी. माळ्यावर सापडली ती त्यातलीच एक.

पहिली दोन वर्षं अण्णा मशीन त्या पेटीत गच्च बसवायचे, हलू नये म्हणून बाजूंना लाकडी पाचरी ठोकून. एकदा एका जत्रेला जाताना ओढ्यावर गाडीचं चाक निखळलं आणि पेटी खाली आली. पेटीला ओरखडाही नाही. अण्णा खूश. जत्रेत पोहोचून उघडतात तर आतला ट्रान्स्फॉर्मर त्याच्या स्क्रूंसकट उखडलेला आणि दोन व्हॉल्व्हच्या काचांचा चुरा. मशीन उधारीवर घेतलेलं होतं. पुढचं वर्षभर अण्णा त्या एका मशीनचे हप्ते आणि दुरुस्ती फेडत होते, आणि काकूंच्या पाटल्या त्या साली गेल्या त्या परत आल्या नाहीत.

मला वाटतं पेटीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे. पेटी मजबूत असणं एवढंच पुरेसं नसतं. कडक पेटी मीटरभर उंचीवरून कडक जमिनीवर पडली तर आतली वस्तू मिलिमीटरभरात थांबते आणि सगळा धक्का तिच्या अंगावर येतो. तीच वस्तू तीन सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर असेल तर थांबायला तीसपट जागा मिळते आणि सरासरी धक्का तितक्याच पटीने कमी होतो. हे गणित अण्णांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आजीची गोधडी उचलली आणि पेटीत घातली. मग काकूंनी जुन्या लुगड्यांच्या खास पेटीच्या मापाच्या गोधड्या शिवल्या: एक तळाला, चार बाजूंना, एक वर. व्हॉल्व्ह काढून वेगळे, धोतराच्या फडक्यात. १९९० पर्यंत अण्णांचं एकही मशीन वाटेत फुटलं नाही.

आता त्या निळ्या पेटीशेजारी माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे अण्णांच्या मुलाच्या पेट्या ठेवून बघा. काळ्या, अॅल्युमिनियमच्या कडांच्या, चाकांवरच्या. यांना 'फ्लाइट केस' म्हणतात, कारण तिचं गोत्र विमानाचं आहे. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने विमानांचे सुटे भाग पाठवायच्या खोक्यांसाठी 'स्पेक ३००' नावाची नियमावली केली. त्यातल्या सगळ्यात वरच्या प्रतीच्या खोक्याने किमान १०० फेऱ्या टिकल्या पाहिजेत अशी अट. सत्तरच्या दशकात रॉक बँड गाड्यांचे ताफे घेऊन दौरे काढू लागले आणि ही बांधणी त्यांनी उचलली. तिथून ती डीजे मंडळींकडे आली.

बांधणी मात्र ओळखीची वाटते. प्लायवूड, कडांना धातू, रिव्हेट. चहाच्या खोक्याचीच शिकून-सवरून आलेली भाची! फरक आहे तो बारकाव्यांत. कोपऱ्यांवर पोलादी गोळे, कारण पेटी पडते ती बहुतेक वेळा कोपऱ्यावर. कड्या आणि मुठी खोबणीत आत बसवलेल्या, म्हणजे टेम्पोत शेजारच्या पेटीत अडकत नाहीत. झाकणाच्या कडेला खाच, तिच्यात खालच्या भागाची जीभ बसते, म्हणजे धूळ आणि पावसाचे शिंतोडे आत जात नाहीत. आणि आत वस्तूच्या मापाने कापलेला फोम, म्हणजे काकूंची गोधडी.

भावाने २००१ साली जुन्या बाजारातून टेक्निक्सचे दोन एसएल-१२०० टर्नटेबल घेतले होते. हे मॉडेल १९७२ सालचं, आणि डीजेंनी ज्याला देव मानलं ते त्याचं सुधारलेलं रूप १९७९ चं. प्रत्येकाचं वजन १२ किलोच्या आसपास, आणि त्यावर ती नाजूक टोनआर्म. पेटीत ठेवताना पुढचं हेडशेल काढायचं, मागचं वजन काढायचं, टोनआर्म तिच्या क्लिपेत अडकवायची, मगच झाकण. लाखेच्या जागी आता व्हिनाइलच्या तबकड्या, त्या पडून फुटत नाहीत पण उन्हात उभ्या टेम्पोत वाकतात. पुढे भावाने सीडी प्लेअर घेतले, आता तर लॅपटॉप आहे. पण अॅम्प्लिफायर मात्र अजून १९ इंची रॅकमध्येच बसतात. हे १९ इंचांचं माप टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंच्या चौकटीचं आहे, शंभर वर्षं जुनं. हॅलो म्हणायच्या यंत्रांसाठी आखलेल्या चौकटीत आज आमच्या गावची वरात वाजते :-)

फ्लाइट केसचे तोटेही आहेत. रिकामी पेटीच आतल्या मालाइतकी जड असते, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर ती टेम्पोत चढवायला चार पोरं लागतात. स्वस्तातला फोम आपल्या दमट हवेत पाच-सात वर्षांत भुगा होतो आणि तो भुगा फिरत्या भागांत शिरतो. गोधडीचं तसं नव्हतं, धुऊन वाळत घातली की झालं.

तर दिवाळीच्या त्या संध्याकाळी निळी पेटी ओट्यावर आणली. भाऊ त्याच्या पेट्या पुसत होता. मी त्याला काहीतरी विचारलं, त्याने ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "दादा, या बाजूनं बोल. डाव्या कानात शिट्टी वाजतीय चार महिने झाले."

मग मला सकाळचं हसणं आठवलं. अण्णांचे कान वयामुळे गेले असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण पन्नाशीतच ते रेडिओ मोठा लावायचे, आणि आम्ही त्यांना तेव्हाही हसायचो. ८५ डेसिबल आवाजात माणसाने आठ तास काम केलं तर ती सुरक्षिततेची हद्द मानतात. पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. उखडलेला ट्रान्स्फॉर्मर अण्णांनी वर्षभर हप्ते भरून बदलला होता. इथे ती सोय नाही.

आमच्या घराने तीन पिढ्या तबकडीला, व्हॉल्व्हला, टोनआर्मला जपलं. पेटीमागे पेटी केली. आणि जो माणूस सगळ्यात जवळ उभा होता त्याच्यासाठी कुणी एक चिंधीसुद्धा शिवली नाही. यात मी पण आलो. पाहुण्यांसारखा येऊन 'आवाज वाढव' म्हणणारा मीच.

पुण्याला आल्यावर भावाला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. गेल्या आठवड्यात तो येऊन गेला. आहे ते टिकवा, असं डॉक्टर म्हणाले. वादकांसाठी मिळतात ते कानातले फिल्टर मी त्याच्यासाठी आणून ठेवले होते, बोटाएवढ्या अॅल्युमिनियमच्या डबीत. दोन जोड, एक त्याच्यासाठी आणि एक मशीनपाशी उभ्या राहणाऱ्या पोरासाठी.

काल फोनवर वहिनी सांगत होती. अण्णांनी ती डबी हातात घेतली, चार वेळा उघडली, मिटली, फिरवून बघितली. म्हणाले, "आटे चांगलं हाईत." मग भावाला ती काळी पेटी उघडायला लावली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून घेतलं: कानाची डबी २.