‘-की’ प्रत्ययान्त वतनवाचक नामे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठीतील ‘-की’ हा प्रत्यय पद, जात वा व्यवसाय दर्शविणाऱ्या नामास लागून स्त्रीलिंगी भाववाचक नाम सिद्ध करतो. पाटीलकी, महारकी, तराळकी, सुतारकी ही त्याची उदाहरणे होत. यांतील बहुतेक नामे आज व्यवहारातून लोपली असून जुन्या दप्तरांत व कोशांतच आढळतात. हा लोप केवळ भाषिक नाही. त्यामागे सामाजिक संघर्ष आहे. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या संदर्भासह त्याचा विचार केला आहे.

प्रत्यय आणि वतन :
वतनव्यवस्थेत ‘-की’ने केवळ काम दर्शविले जात नसे. पाटीलकीत सारावसुलीची जबाबदारी, इनाम जमीन व मानपान यांचा वंशपरंपरागत समुच्चय होता. पाटीलकीची वाटणी होई, ती विकली जाई आणि तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. महारकीसही इनाम जमीन व बलुते होते; परंतु निरोप पोचविणे, सरकारी ओझी वाहणे, मृत जनावरे ओढणे अशी कामे कोणत्याही प्रहरी करावी लागत. एकाच प्रत्ययाने एकीकडे अधिकार, तर दुसरीकडे वेठ सूचित होई.

संज्ञांचा ऱ्हास :
मुंबई इलाख्यातील १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था नियमबद्ध केली. त्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले; ते संमत झाले नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्यात दादासाहेब गायकवाड अग्रभागी होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली. जन्माने लादलेले स्थान नाकारण्याचीच ही वाटचाल होती. पुढे १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची पदे संपुष्टात आली.

मात्र सर्व शब्दांची गती एकसारखी झाली नाही. ‘पाटीलकी गाजवणे’ या प्रयोगात अनाहूत हुकमतीचा अर्थ उरला. वतन गेले, तरी सत्तेची आठवण भाषेने जपली. ‘महारकी’ मात्र केवळ कायद्याने गेली नाही. ती करणाऱ्यांनीच ते काम व ती संज्ञा जाणीवपूर्वक टाकली.

समारोप :
हाच प्रत्यय ‘माणुसकी’ या शब्दातही आहे. तिला सनद लागत नाही, तिची वाटणी होत नाही आणि ती जन्माच्या जातीवर अवलंबून नसते. १९२७ च्या महाड सत्याग्रहापासून चाललेला लढा मूलतः याच नामासाठी होता. वतनवाचक नामांचा लोप हा म्हणूनच मराठीच्या शब्दसंपत्तीतील केवळ तोटा मानता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या शब्दांची नोंद अवश्य जपावी; परंतु त्यांच्या लोपाचे श्रेय कोणाचे, याची नोंदही त्यासोबत असावी.