बुडबुड्याची कुळकथा

1894 साली इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने 'टर्बिनिया' ही सडपातळ बोट पाण्यात उतरवली. तिच्यात त्याचं नवं वाफेचं टर्बाइन होतं आणि ताकदही भरपूर होती, तरी बोट हवा तेवढा वेग घेईना. पंखा इतक्या जोरात फिरायचा की पात्यांमागे पाण्याचा दाब एकदम उतरे, तिथे वाफेच्या पोकळ्या तयार होत आणि पंखा पाणी ढकलण्याऐवजी त्या पोकळ्यांतच गरगरत राही. पार्सन्सने एक टाकी बांधून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. अखेर तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन, असे नऊ पंखे बसवल्यावर बोट धावली.

पुढे मोठ्या जहाजांचे पंखे खरवडले जाऊ लागले. चांगल्या धातूला खड्डे पडत. तेव्हा 1917 मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणित मांडलं : पाण्यातली पोकळी चहूबाजूंनी मिटत तिची त्रिज्या विसाव्या हिश्शावर आली, तर तिच्याभोवतीचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 1260 पट होतो. रासायनिक कारखान्यांत आज ज्याला कॅव्हिटेशन म्हणतात त्याचा मूळपुरुष हाच, पंखा खाणारा बुडबुडा. अल्ट्रासाऊंडपासून सुरू होणारा कॅव्हिटेशनचा इतिहास मला म्हणूनच अर्धवट वाटतो. आवाज या घराण्यात नंतर आला.

तो आला तोही समुद्रातूनच. 1880 मध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी दाखवलं होतं की क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज उमटते. त्याच्या उलटही घडतं : वीज बदलती ठेवली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्‌झ दाबून बसवला आणि कानाला न ऐकू येणारा आवाज, म्हणजे अल्ट्रासाऊंड, पाण्यात सोडला. तूलाँ इथल्या या प्रयोगांत त्या झोतात आलेले मासे मरत आणि पाण्यात हात घातला तर तीव्र वेदना होत. पाहायला आलेल्या रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या ते मनात राहिलं. पुढे धनिक आल्फ्रेड लूमिस यांच्या टक्सीडो पार्कमधल्या खासगी प्रयोगशाळेत दोघांनी तेलात बुडवलेली क्वार्ट्‌झची चकती थरथरवली, तर तिच्यावरचं तेल उंचवट्यासारखं वर उचललं गेलं. 1927 मध्ये त्यांचा निबंध आला आणि त्याच वर्षी रिचर्ड्‌स व लूमिस यांनी अशा आवाजाचे रासायनिक परिणाम नोंदवले. आपल्याकडे बंगळुरूत रामन आणि नागेंद्र नाथ यांनी 1935 च्या सुमारास अल्ट्रासाऊंडमधून प्रकाश कसा वाकतो याचा सिद्धांत दिला. ती शाखा प्रकाशाकडे गेली, रसायनाकडे वळली नाही.

आवाजाच्या लाटेत दाब उतरतो तेव्हा बुडबुडा फुगतो, चढतो तेव्हा मिटतो. मिटताना आतली वाफ क्षणभर सुमारे 5000 अंशांपर्यंत तापते. केनेथ सस्लिक यांनी 1986 मध्ये हे मोजून दाखवलं. भोवतालचा द्रव मात्र हाताला कोमटच लागतो. दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या सीमेवर बुडबुडा मिटला तर एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात फेकले जातात. तेल आणि पाण्याचा धंदा असणाऱ्यांसाठी हीच गोष्ट महत्त्वाची.

मग कारखाने या आवाजाने का भरले नाहीत? प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात टायटॅनियमची थरथरती कांडी छान काम करते, पण तिच्या टोकापासून काही सेंटिमीटरांवर जोर ओसरतो. टोकाशी साचलेले बुडबुडेच पुढची लाट अडवतात, आणि कांडीही झिजते. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, हाच प्रश्न धसास लावला गेला. पराग गोगटे, अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी षट्कोनी पात्राच्या सगळ्या भिंतींवर कंपक बसवून 20, 30 आणि 50 किलोहर्ट्‌झचे आवाज एकत्र सोडले. पात्र सात-साडेसात लिटरचं, तरी कांडीपेक्षा ही मोठी झेप होती.

पण त्याहून मोठा विचार आधीच झाला होता. 1993 मध्ये अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी कॅव्हिटेशनने तेलाचं जलविघटन करण्यावर निबंध लिहिला. तेलं आपल्या ओळखीची, एरंडेल आणि करडई. तेल फोडून मेदाम्लं काढायची तर कारखान्यात साधारण 250 अंश तापमान आणि हवेच्या पन्नासेक पट दाब लागतो. त्यांनी तेल-पाणी पंपाने अरुंद वाटेतून जोरात नेलं. वाट अरुंद झाली की वेग वाढतो, दाब उतरतो, बुडबुडे होतात; पुढे वाट रुंदावली की मिटतात. या रीतीत अल्ट्रासाऊंड नाही, स्फटिक नाही. पार्सन्सच्या पंख्यामागचा बुडबुडा असा पुन्हा वाहत्या द्रवात आला, या वेळी कामाला जुंपलेला. मराठी विज्ञानलेखनात या निबंधाला जागा मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) विवेक रानडे यांनी द्रवाला भोवऱ्यात फिरवून, हलता भाग नसलेल्या 'व्होर्टेक्स डायोड' या उपकरणात हेच साधलं आणि ते कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी वापरलं.

आता हे तंत्र घेऊन रायपूरच्या गुढियारीकडे या. किराण्याचा हा ठोक बाजार भातपिकाच्या मुलखात आहे. भात सडल्यावर शंभर किलोमागे आठेक किलो कोंडा निघतो आणि त्यात 15 ते 20 टक्के तेल असतं. अडचण अशी, की सडताक्षणी कोंड्यातलं लायपेज हे विकर तेल फोडू लागतं. तेल काढेपर्यंत उशीर झाला तर मुक्त मेदाम्लं इतकी वाढतात की ते खाण्याऐवजी साबणाकडे जातं. शिवाय त्यात डिंक आणि मेणही बरंच. डिंक काढायला फॉस्फरिक आम्ल घालतात. कॅव्हिटेशनने ते बारीक थेंबांत विखुरलं, तर कमी आम्लात भागतं. आम्लता चढलेल्या तेलालाही वाट आहे. 2008 मध्ये केळकर, गोगटे आणि पंडित यांनी मेदाम्लं आणि मिथेनॉल यांच्यापासून कॅव्हिटेशनच्या मदतीने, साध्या तापमानाला, बायोडिझेलचे एस्टर सुमारे 90 टक्क्यांपर्यंत मिळवले.

खाद्यतेलात मात्र जपून. मिटणाऱ्या बुडबुड्यात पाण्याचे रेणू फुटून मुक्त मूलकं निघतात आणि ती तेलाला खवट वास आणू शकतात. त्यामुळे रायपूरच्या एखाद्या तेल शुद्धीकरण कारखान्याने अरुंद वाट म्हणून पंपापुढे भोकांची चकती बसवायचं ठरवलं, तर आधी आणि नंतर आम्लमूल्य मोजावं, खवटपणा दाखवणारं पेरॉक्साइड मूल्यही मोजावं, दर टनामागे वाचलेलं आम्ल आणि पंपाने खाल्लेले विजेचे युनिट शेजारी शेजारी लिहावेत. चकतीची भोकं किती, केवढी, पंपाचा दाब किती, यावर सगळं ठरतं, आणि मेणकट कोंड्याच्या तेलाचं माप करडईच्या तेलाहून वेगळं निघेल. ते माप तिथेच काढावं लागेल. तेल तंत्रज्ञान शिकवणारी नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था, 1942 पासूनची, गाडीने पाचेक तासांवर आहे, आणि एनआयटी रायपूरचा रासायनिक अभियांत्रिकी विभाग तर गावातच.