जनपद सभा ते जिल्हा परिषद : नांदगाव खंडेश्वर परिसरातील सार्वजनिक कामांचा अग्रक्रम

सार्वजनिक कामांचा अग्रक्रम कोणी ठरवावा, हा प्रश्न वऱ्हाडात निर्णयाच्या घटकाशी निगडित राहिला आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्यान्वये डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या जागी तहसीलनिहाय जनपद सभा आल्या. नांदगाव खंडेश्वर तेव्हा चांदूर तहसिलीत मोडत असे. साहजिकच येथील रस्ता, शाळा वा विहीर यांचा विचार चांदूरच्या पातळीवरच होणे अभिप्रेत होते. मात्र जनपदांची आर्थिक बाजू कायम लंगडी राहिली.

वसंतराव नाईक समितीने जिल्हा हा घटक मानला. १ मे १९६२ पासून पंचायत समितीने कामे सुचवावीत व जिल्हा परिषदेने अमरावतीत त्यांचा क्रम लावावा, अशी रचना रूढ झाली. अभियंते व निधी यांचा विचार करता ती गैर नव्हती. परंतु १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीनेही अनुशेष जिल्हावार मोजला, आणि मेळघाटचे डोंगर व नांदगावची काळी जमीन एकाच सरासरीत विरघळली. पावसाळ्यात चिखलाने तुटणारे गाव अशा सरासरीत दिसणार तरी कसे? तालुका हा घटक पुन्हा विचारार्थ आला तो २०११ मध्ये, केळकर समितीपुढे. एव्हाना नांदगाव खंडेश्वर स्वतंत्र तालुका झालेला होता.