नागपुरी वारा आणि घरची परसबाग

नागपूरकडील उन्हाळ्याचें वर्णन करूं लागलें म्हणजे लोक प्रथम उन्हाचें नांव घेतात, आणि तें साहजिकहि आहे. २३ मे २०१३ रोजीं या शहरांत ४७.९ अंश सेल्सिअस इतकें उष्णतामान नोंदलें गेलें होतें. परंतु घरामागें चार वाफे राखणाऱ्या गृहिणीला विचारलें, तर ती उन्हाच्या आधीं वाऱ्याची तक्रार सांगेल. चैत्र उलटला कीं पश्चिमेकडील कोरडा वारा दुपारभर वाहूं लागतो. मूळ जितकें पाणी वर चढवितें, त्याहून अधिक पाणी हा वारा पानांतून ओढून घेतो. म्हणूनच वाफ्यांत ओल असूनहि कोथिंबीर भर दुपारीं मान टाकते. या प्रदेशांतील परसबागेचा इतिहास पाहूं गेल्यास तो पाण्याचा जितका आहे तितकाच, किंबहुना अधिक, आडोशाचा आहे.

उष्ण व कोरड्या देशांतील लोकांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. 'बाग' हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतील शब्द फारसींतून आला. त्याच इराणांतील 'पैरिदैझ' या प्राचीन शब्दाचा मूळ अर्थ भिंतीनें वेढलेली जागा असा आहे. स्वर्गाला इंग्रजींत रूढ असलेला 'पॅरडाइज' हा शब्द त्याच्यापासूनच निघाला. वाऱ्यापासून राखलेली हिरवी जागा म्हणजेच स्वर्ग, ही कल्पना थंड देशांतील माणसाला सुचली नसती!

नागपुरांत भोसल्यांनीं बागांची हौस मोठ्या प्रमाणावर केली. महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगांव आणि तेलंगखेडी या त्यांच्या बागांचीं नांवें जुन्या गॅझेटियरांत आढळतात. १८५४ सालीं राज्य खालसा झालें; परंतु बागा मात्र उरल्या. महाराजबागेच्या परिसरांत पुढें शेतकीच्या शिक्षणाची सोय झाली, आणि १९०६ सालीं तेथें कृषि महाविद्यालय निघालें. राजाच्या विसाव्याची जागा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची झाली.

तथापि राजाची बाग ही राजाची. तिच्यासाठीं माळी असतात, विहिरी व तलाव असतात. सामान्य घराला वाऱ्याशीं झुंजण्याची विद्या मिळाली असेल, तर ती शेतांतून आणि पानमळ्यांतून. रामटेकच्या पानांची कीर्ति जुनी आहे. नागवेल ही अत्यंत नाजूक वेल. तिला ओल हवी, सांवली हवी, आणि उष्ण वारा तर मुळींच सोसत नाहीं. म्हणून पानमळा लावतांना शेवरी, शेवगा, पांगारा यांसारखीं भराभर वाढणारीं झाडें आधीं उभीं करावयाचीं, त्यांच्यावर वेल चढवावयाची, आणि सभोंवार ताट्यांचें कुंपण घालावयाचें, अशी रीत पडली. पिकाच्या आधीं पिकाचा निवारा, हें या विद्येचें सार होय.

घरच्या परसांत हीच रीत लहान प्रमाणावर दिसते. कापूस वेंचून झाला म्हणजे उरलेल्या पऱ्हाट्या आणि तूर झोडल्यावर राहिलेल्या तुराट्या यांचा कूड पश्चिमेच्या अंगास उभा करावयाचा. हा कूड गरिबाचा म्हणून कोणी त्यास हिणवूं नये. पक्क्या भिंतीवर आपटलेला वारा उसळून वर चढतो आणि पलीकडे भोंवऱ्यासारखा खालीं उतरून रोपें झोडपतो. कुडाच्या फटींतून मात्र तोच वारा गाळला जाऊन मंद होतो. शिवाय भिंत दिवसभर तापते आणि रात्रीं ती ऊब वाफ्यावर टाकीत राहते. कूड तसें करीत नाहीं. हल्लींच्या शास्त्रज्ञांनींहि निम्मा वारा अडवून निम्मा जाऊं देणारा आडोसा उत्तम ठरविला आहे.

आडोशाच्या जोडीला काळाचें भान लागतें. दसरा झाला कीं मेथी, पालक, शेपू, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे धरावे. माघ-फाल्गुनापर्यंत तीं पिकें सुखानें राहतात. ऊन चढलें कीं कोथिंबीर पानांचा नाद सोडून फुलाला लागते. मग कितीहि पाणी दिलें तरी धनेच हातीं येतात. उन्हाळ्यांत चवळाई, घोळ, मायाळू यांच्यावर भिस्त ठेवावी. पाणी सूर्योदयापूर्वीं किंवा सूर्यास्तानंतर द्यावें, आणि मुळांवर वाळलेल्या गवताचा किंवा पाल्याचा थर पसरावा. काळी जमीन उन्हानें भेगाळते आणि त्या भेगांतून उरलीसुरली ओलहि उडून जाते; हा थर तिला झांकतो. पुढें मृगाचा पाऊस आला म्हणजे गोष्ट उलटी होते. तीच काळी जमीन पाणी धरून बसते व मुळें कुजतात, म्हणून वाफे उंच करावे लागतात. मोरीच्या तोंडाशीं अळू आणि केळ लावण्याची मराठी घरांतील जुनी चालहि याच काटकसरींतून आली. तेथें एक थेंबहि वायां जात नाहीं.

परसांतील झाड कधीं कधीं सबंध प्रांताचें भाग्य बदलतें. नागपुरी संत्र्याविषयीं बागायतीच्या ग्रंथांत जी हकीकत दिलेली असते ती अशी, कीं भोसले घराण्यांतील रघूजीराव यांनीं १८९४ सालीं औरंगाबादेहून रोपें आणून तीं आपल्या घरच्या परसबागेंत लावलीं. तेथून तें झाड शेतांत गेलें, आणि आज नागपूर व संत्रें हीं दोन नांवें एकमेकांपासून वेगळीं करतां येत नाहींत.

पालेभाजीला असें वैभव लाभलें नाहीं. परंतु तिच्याकडेहि थोरांचें लक्ष गेलें. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३५ च्या सुमारास महात्मा गांधींनीं आहाराचे प्रयोग चालविले होते. मोहरी, शेपू, मुळा, गाजर, भुईमूग यांचा कच्चा पाला खाऊन त्यांनीं त्याविषयीं 'हरिजन' पत्रांत लिहिलें. मुळ्या-गाजराचा जो पाला लोक फेंकून देतात त्यांत गरिबाच्या आहाराची उणीव भरून काढण्याचें सामर्थ्य आहे, हा त्यांचा आशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्याची टंचाई भासूं लागली, तेव्हां सरकारनेंहि 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम हातीं घेतली.

त्यानंतर १९४७ साल उजाडलें. फाळणीनें सुमारें दहा लाख सिंधी हिंदूंना घरदार सोडावें लागलें, आणि त्यांतील अनेक कुटुंबें नागपूरच्या उत्तर भागांत जरीपटका येथें वसलीं. मराठ्यांच्या सोनेरी निशाणाचें नांव असलेल्या या वस्तींत सिंधी बोली घुमूं लागली. हीं माणसें वाऱ्याला अपरिचित नव्हतीं. सिंधमधील हैदराबाद शहरांत घरोघर छपरावर 'मंघ' नांवाचे वारेपकड धुराडे असत. समुद्राकडून येणारी संध्याकाळची गार झुळूक पकडून ते ती खालच्या खोल्यांत सोडीत. तेथें पाऊस वर्षाकाठीं ७-८ इंच; नागपुरांत तो ४५ इंचांच्या आसपास. तेथें वारा हा पाहुणा होता, त्याला आंत बोलवावयाचें. येथें दुपारीं त्याच्या वाटेंत वाळ्याचे तट्टे लावून त्याच्यावर पाणी मारावयाचें. आयुष्यभराची संवय उलटी करून नव्या आकाशाशीं जमवून घेणें सोपें नसतें.

परंतु एका गोष्टींत दैवानें त्यांची गांठ ओळखीच्यांशींच घालून दिली. सिंधी स्वयंपाकांतील 'साई भाजी' ही पालक, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ यांची. तींत मेथी वा शेपूहि पडतो. 'साई' म्हणजे हिरवी. हा सगळा पाला नागपूरच्या वाफ्यांत पूर्वींपासूनच होता! मराठी घरांत त्याच चुक्याची दाणे-डाळ घालून पातळ भाजी होत होती. शेत, हवेली, नदी हीं कोणाला बरोबर आणतां येत नाहींत. चिमूटभर बीं मात्र कोठेंहि रुजतें, आणि महिन्याभरांत ताटांत जुन्या घराची चव उतरते. निर्वासिताच्या संसारांत याचें मोल किती, हें बाजारभावानें ठरत नाहीं.

आज जरीपटक्यांत काय किंवा धरमपेठेंत काय, परसाची जागा आटत चालली आहे. जमीन फरशीखालीं गेली आणि वाफा कुंडी होऊन गच्चीवर चढला. गच्चीवर वारा तर खालच्यापेक्षां अधिक जोराचा. तेथें लोक हिरवी जाळी बांधतात. तिच्या छिद्रांतून ऊन-वारा निम्माच आंत येतो. बाजारांत ती नवी वस्तु म्हणून विकली जाते. परंतु तुराट्यांच्या कुडाचेंच तें नवें रूप होय. साधनें बदललीं, तरी नियम बदलला नाहीं. ज्याला या मुलखांत कोंवळें पान वाढवावयाचें आहे, त्यानें पाण्याची झारी हातीं घेण्यापूर्वीं वारा कोणत्या बाजूनें येतो तें पाहावें, आणि त्या बाजूला आधीं आडोसा उभारावा. जें रोपाला लागतें, तेंच नव्या गांवीं रुजूं पाहणाऱ्या माणसालाहि लागतें.