शिंदे घराण्याचा गळा

संगीतातला ‘घराणे’ हा शब्द आपण मोठ्या जपून वापरतो. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर अशी नावे निघाली की गुरू कोण, तालीम किती वर्षांची, चीज कोणाकडून मिळाली, याची चौकशी सुरू होते. परंतु एकच गळा तीन पिढ्या गाजला, खेड्यापाड्यांतून लाखोंनी ऐकला, तरी त्याला घराणे म्हणायला आपली लेखणी धजत नाही, असे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. ते शिंद्यांचे. प्रल्हाद शिंदे, त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद, आणि नातवांपैकी आदर्श व उत्कर्ष, अशी ही परंपरा.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. आईवडील भजन-कीर्तन करीत. मुलाचा गळा त्या साथीतच तयार झाला. पुढे ते इस्माईल आझाद कव्वालांच्या पार्टीत कोरसमध्ये गाऊ लागले. १९५८ च्या ‘अल हिलाल’ या चित्रपटातील कव्वालीने देशभर नाव झालेले ते हे इस्माईल आझाद. भजनात वाढलेला गळा कव्वालीच्या तालमीत गेला, याचे मराठवाड्यातील वाचकाला नवल वाटू नये. खुलताबादच्या उरुसातली कव्वाली आणि पैठणच्या नाथषष्ठीतले भजन, दोन्ही आपल्या कानांवरून गेलेली असतात. मुख्य गायकाने ओळ टाकायची, कोरसने ती टाळ्यांवर उचलायची, आणि मुख्य गायकाने वरच्या पट्टीत जाऊन तीच फिरवून आणायची, अशी कव्वालीची रीत. मैदानात जमलेल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवण्याचे हे तंत्र आहे. प्रल्हाद शिंद्यांचा स्वर कितीही लांबला तरी शब्द बुडत नाही, त्याचे मूळ या तालमीत शोधावे लागते.

हे तंत्र नेमके ज्या चळवळीला हवे होते, ती तेव्हा उभी राहत होती. १९५० मध्ये याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. जे लिहूनवाचून सांगता येत नव्हते, ते गाऊन सांगावे लागले. जलसाकारांनी वाट पाडली होती. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी गाणी रचली. आणि भीमजयंतीच्या रात्री हार्मोनियम, ढोलकी आणि टाळ्यांवर ती गाणी कव्वालीच्या थाटात पहाटेपर्यंत रंगू लागली. प्रल्हाद शिंदे त्या रात्रींचे मोठे गायक. पुढे १९७८ पासून मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या दिवशी दरवर्षी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोटणाऱ्या गर्दीत भाषणांइतकीच भीमगीतांनाही जागा असते.

पण याच गळ्याची दुसरी ओळख विठ्ठलाची आहे. दत्ता पाटील यांनी लिहिलेले आणि मधुकर पाठक यांनी चाल दिलेले ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आषाढीच्या दिवसांत प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजात ऐकू येत नाही, असे गाव विरळाच. आता थोडे सालांकडे पाहावे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ मध्ये. प्रल्हाद तेव्हा चौदा वर्षांचे, आणि दलित समाजातले. म्हणजे अवघ्या वारकऱ्यांची वाट ज्याने पुढे सुरांत धरली, त्याला बालपणी त्या वाटेच्या शेवटचे दार बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, याचे आपण दरवर्षी हळवे होऊन स्मरण करतो. हे स्मरण मात्र कोणी करीत नाही. हा विरोध त्या गळ्याने सोडवला असे मी म्हणत नाही. त्याने दोन्ही बाजू गायिल्या, आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांनी त्याला आपला मानला, एवढे खरे.

याला जुळणारी गोष्ट सातासमुद्रापलीकडे घडली. जमैका बेटावर १९६० नंतर किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून रेगे संगीत निघाले. तिथेही मोठमोठे कर्णे रस्त्यावर लावून तबकड्या वाजवणाऱ्यांनीच ते वाढवले. तिथेही गाण्यात गुलामीची आठवण आणि मुक्तीची भाषा होती. बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला, पण मुलांनी वारसा चालवला. त्यांतला स्टीफन गायक तर झालाच, शिवाय ध्वनिमुद्रणाचा निर्माता होऊन त्याने भाऊ डेमियनची गाणी जगापुढे आणली. तेथील समीक्षकांनी या घराण्याचे इतिहास लिहिले.

आपल्याकडे हे काम कॅसेटने केले. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, आणि ती काढायची तर बड्या कंपनीची मर्जी लागे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली. तिच्या एका बाजूवर अर्धा तास गाणे मावू लागले. आनंद-मिलिंद या बंधूंचा ‘नवीन पोपट’ त्याच लाटेवर घरोघरी गेला. अभिरुचीसंपन्न मंडळींनी नाके मुरडली, पण तोच आवाज भीमगीतेही गात होता. तिसऱ्या पिढीत आदर्श यांचा स्वर ‘दुनियादारी’ (२०१३) सारख्या चित्रपटातून सर्वांपर्यंत गेला, आणि आदर्श-उत्कर्ष या भावांनी संगीत देण्याचे कामही अंगावर घेतले. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी निवर्तले.

आता प्रश्न उरतो तो जतनाचा. कॅसेटची फीत ओलीने खराब होते, आणि कवी-वादकांची नावे असलेला कागद त्याआधीच हरवतो. मात्र भीमगीताच्या रचनेत एक सोय आहे: शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. तुकोबांच्या अभंगात तेच आहे, आणि याच शहराच्या वली व सिराज यांच्या गझलांतही तेच. गाणे पुरते गायिले, तर कवी जिवंत राहतो. आज भ्रमणध्वनीवर गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यात मुखडा असतो. शेवटचे कडवे कधीच नसते. या घराण्याचा इतिहास लिहायचा असेल, तर ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी असतील त्यांनी त्या फेकण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत ऐकाव्यात, आणि ऐकू येईल ते नाव वहीत टिपून ठेवावे.