इंजिन बदलले, धूरही बदलला

दिवाळीनंतर मानवतच्या बाजारात कापूस येऊ लागला की पाथरी-परभणी रस्त्यावर ट्रकांची वर्दळ वाढते. गाठी लादलेला एखादा जुना ट्रक पुलाच्या चढाला लागतो आणि मागे काळ्या धुराचा लोट सोडतो. त्याच्याच मागून तेवढाच माल घेऊन नवा ट्रक येतो, त्याला धूर जवळजवळ नाहीच. हे पाहून दहावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नव्या ट्रकचे इंजिन जुन्याला बसवले तर?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. कारण ट्रकचे इंजिन बदलणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, १९३२ साली, तिथल्या सरकारी रेल्वेने रस्त्यावरची बससेवा सुरू केली. सुरुवातीला तिच्याकडे आल्बियन कंपनीच्या २७ गाड्या होत्या. त्या काळातले ट्रक आणि बस बहुतांशी पेट्रोलवर चालत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा अनेक गाड्यांना मागे किंवा बाजूला कोळशाची उभी टाकी बसवण्यात आली. अपुऱ्या हवेत लोणारी कोळसा जाळायचा, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाळून इंजिनात ओढून घ्यायचा, अशी ती युक्ती. आज जो वायू बाहेर पडू नये म्हणून आपण धडपडतो, तोच तेव्हा इंधन म्हणून मुद्दाम तयार करत होते! गाडीची ओढ मात्र बरीच कमी होई.

युद्ध संपल्यावर सैन्याचे ट्रक लिलावात निघाले. लोक त्यांना 'डिस्पोजलच्या गाड्या' म्हणत. १९४८ साली राज्य परिवहनाची एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यातही शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, सेडन, आल्बियन अशी नाना तऱ्हेची वाहने होती. अमेरिकन ट्रकांचा सांगाडा भक्कम असे, पण पेट्रोलचा खर्च मालकाला झेपत नसे. याला उत्तर आले इंग्लंडमधल्या पीटरबरो गावातून. तिथल्या पर्किन्स कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'पी-सिक्स' नावाचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन काढले होते. सुमारे पावणेपाच लिटरचे हे इंजिन ८३ अश्वशक्ती देई आणि डिझेल इंजिनाच्या मानाने हलके होते. पेट्रोलचे इंजिन उतरवून त्याच जागी ते बसवता यावे म्हणून कंपनी जोडसामानही विकत असे. पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने ते भारतात बनवले, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या ट्रकांतही ते आले.

या अदलाबदलीत मिस्त्रीला काय करावे लागे? जुना गिअरबॉक्स आणि नवे इंजिन यांच्यामध्ये एक जाड पोलादी तबकडी घालायची. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात. हवा सुमारे सोळापट दाबली की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. एवढा दाब फिरवून सुरू करायचा म्हणजे स्टार्टर आणि बॅटरी दांडगी हवी. कार्बोरेटर जाऊन फवारणीचा पंप यायचा. एवढे झाले की ट्रक रस्त्यावर. पाना, वेल्डिंग आणि अनुभव यांच्या जोरावर हे काम तालुक्याच्या गावातही होऊ शकत होते.

धुराकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, पण तो दिसत नाही. डिझेल इंजिनात हवा नेहमी जास्त असल्याने तो कमी होतो. त्याऐवजी दोन गोष्टी वाढतात. डिझेलच्या थेंबाच्या गाभ्याला हवा पोचत नाही तिथे काजळी होते, आणि जिथे ज्वाला फार तापते तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. काजळी कमी करायला ज्वलन तापवावे तर ऑक्साइडे वाढतात, आणि ज्वलन थंड ठेवावे तर काजळी वाढते. इंजिन बनवणारे तेव्हापासून या पेचात सापडले आहेत.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि आपल्या रस्त्यांवर मुळातच डिझेलचे ट्रक आले. पुढची कित्येक दशके एकाच घराण्यातली इंजिने चालली. बोअर करायचे, लायनर बदलायचे, फारच झिजले तर दुसऱ्या गाडीचे इंजिन आणून बसवायचे. पंपाचा एक स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जाई, ओढ वाढे आणि धूरही वाढे. काळा धूर म्हणजे ताकद असे समजणारे चालक अजूनही भेटतात. खरे तर तो न जळलेला पैसा.

वाहनांच्या धुरावर देशात मर्यादा आल्या त्या १९९० च्या सुमारास. १९९२ पासून डिझेल वाहनांच्या धुरातल्या वायूंचेही मोजमाप सुरू झाले. इथे एक बारकावा शिक्षकांनी लक्षात घ्यावा. मोटारीचा धूर दर किलोमीटरला किती ग्रॅम असा मोजतात. ट्रकच्या बाबतीत मात्र इंजिन एकटेच चाचणीच्या बाकावर चढवतात आणि दर किलोवॅट-तास कामामागे किती ग्रॅम, ते पाहतात. म्हणजे ट्रकमध्ये प्रमाणपत्र इंजिनाचे असते, तेही त्याच्या सगळ्या जोडसामानासह. २००० सालच्या नियमांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांना ८ ग्रॅमची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा'मध्ये ती अर्ध्या ग्रॅमच्याही आत आली. काजळीची मर्यादा ०.३६ वरून ०.०१ वर उतरली.

ही घट नुसत्या इंजिनाने होत नाही. धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ऑक्साइडांसाठी युरियाचे द्रावण फवारतात. शेतात टाकतो तोच युरिया, पण अतिशुद्ध आणि पाण्यात ३२.५ टक्के. उष्णतेने त्यातून अमोनिया सुटतो, आणि उत्प्रेरकावर अमोनिया व ऑक्साइडे यांच्यातून नायट्रोजन आणि पाणी बनते. किती फवारायचे हे संवेदकांच्या मदतीने एक छोटा संगणक ठरवतो. टाकीतले द्रावण संपले तर तोच इंजिनाची ताकद कमी करतो.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. नवे इंजिन जुन्या ट्रकला बसवायचे तर गाळणी, उत्प्रेरकाचा डबा, युरियाची टाकी, संवेदक, तारांचे जाळे आणि संगणक असे सगळे बिऱ्हाड बरोबर आणावे लागेल. यातले काही मागे राहिले तर इंजिन रुसते. उलट प्रकार अधिक मोहाचा आहे. नव्या ट्रकचे महाग इंजिन बिघडले, म्हणून साध्या पंपाचे जुने बसवायचे. डबा आणि टाकी जागच्या जागी राहतात, पण आत काही घडत नाही. गंमत अशी की पीयूसीच्या तपासणीत हे सहज सुटू शकते. डिझेल गाडीच्या या तपासणीत गिअर न टाकता अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो एवढेच पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे तिथे मोजलीच जात नाहीत. पंप नीट लावलेला असेल तर धूर दिसायला स्वच्छ, आणि श्वासनलिका जाळणारा वायू मात्र कित्येक पट.

इंधनाचाही संबंध आहे. डिझेलमधले गंधक उत्प्रेरकाला निकामी करते. २०१० साली मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत दहा लाख भागांत ५० भाग गंधकाचे डिझेल आले, तेव्हा मानवतसारख्या गावांसाठी मर्यादा ३५० भागांची होती. लांब पल्ल्याचा ट्रक दोन्हीकडे टाकी भरणार, म्हणून तो जुन्याच नियमांचा राहिला. आज सर्वत्र ही मर्यादा १० आहे.

कायदाही या वाटेने बदलत गेला. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले, आणि उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई झाली. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. इंजिन बदलले तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. कर्ज काढून जुना ट्रक घेतलेल्या मालकाला हे जाचक वाटते, आणि त्याची अडचण खोटी नाही. पर्किन्सच्या काळात त्याच्यासारख्याला गावातल्या मिस्त्रीने वाचवले होते. आज त्या मिस्त्रीला लॅपटॉप आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते सगळ्यांना मिळत नाही.

जुन्या ट्रकसाठी त्याच जातीचे इंजिन दुरुस्त करणे, नोझल तपासणे आणि पंप मूळ खुणेवर आणणे एवढ्यानेही काळा धूर बराच उतरतो. पंपाच्या त्या स्क्रूला कोणी हात लावू नये म्हणून त्यावर शिशाचे सील असते. आमचा विद्यार्थी रस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊन पाहून आला. तिथे तीन जुने पंप पडले होते. सील एकावरही नव्हते.