सुट्टीतली मजुरी, आयुष्याची शिदोरी

परीक्षा संपल्या की कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या घरी एक विषय हमखास निघतो. सुट्टीत काय करणार? कुणी इंटर्नशिप शोधतो, कुणी लहान मुलांच्या शिकवण्या घेतो, कुणी एखाद्या दुकानात हिशेबाला बसतो. चार पैसे मिळाले तर बरं, नाही मिळाले तरी फार बिघडत नाही, असं पुष्कळ घरांत असतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांपुढे मात्र हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असे. उन्हाळ्यात काम मिळालं तर पुढची फी भरता येणार, नाही तर शिक्षण तिथेच थांबणार. ते काम शोधत फळबागांत आणि लाकडाच्या गिरण्यांत गेले. तिथे त्यांना जे भेटलं, त्यातून आपल्या स्वातंत्र्यलढ्याचं एक प्रकरण घडलं.

पोट भरत शिकणं आपल्याकडे नवं नव्हतं. पुण्यात वार लावून जेवणारे, माधुकरी मागणारे, शिकवण्या करून फी भरणारे विद्यार्थी सगळ्यांच्या परिचयाचे होते. पण या सोयीही जात पाहूनच मिळत. शिवाय पुस्तक धरणाऱ्या हाताने फावडं धरावं, हे पांढरपेशा घराला रुचणारं नव्हतं. आणि ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या फावडं होतं, त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचतच नव्हतं. परदेशी जायचं तर शिष्यवृत्ती हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या आधारावर. असा आधार कितीजणांना मिळणार?

ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्यातले काही अमेरिकेकडे वळले. काम करून शिकणं तिथे कमीपणाचं मानत नसत. मे-जूनमध्ये कॉलेजं बंद होत आणि नेमका तेव्हाच कॅलिफोर्नियात फळांचा हंगाम सुरू होई. आधी जर्दाळू, मग पीच आणि नासपती, सप्टेंबरात द्राक्षं. उत्तरेला ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत लाकडाच्या गिरण्या होत्या.

पण काम मिळायचं कसं? अर्ज करून नव्हे. पंजाबातून आलेले शेतकरी, त्यांतले बरेच फौजेत नोकरी केलेले शीख, टोळ्या करून राहत. टोळीचा मुकादम मळेवाल्याशी बोलून मजुरी ठरवी. विद्यार्थी अशा टोळीत शिरे, त्यांच्यातच जेवे, त्यांच्यातच झोपे. मजुरी दिवसाला साधारण दीड-दोन डॉलर. त्या काळी डॉलरला सुमारे तीन रुपये पडत. इकडे शेतमजुराच्या हाती दिवसाला काही आणेच पडत असताना ही रक्कम मोठी वाटेल. पण तिथला खर्चही तिथलाच होता.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे अशा विद्यार्थ्यांपैकी एक. टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेत पोचला. मिळेल ते अंगमेहनतीचं काम करत तो शिकत राहिला. ऑरेगनमधल्या कॉर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी शेतीचं शिक्षण घेतलं. त्याच ऑरेगनच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्यांची गाठ पडली. सोहनसिंग भकना हे त्यांतलेच एक. सुशिक्षित मराठी तरुण आणि पंजाबी शेतकरी अशी ही भेट मायदेशात घडणं अवघड होतं.

मजुरीसोबत अपमानही वाट्याला येत होता. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने गिरण्यांतल्या भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हुसकावलं. ‘हे आमची मजुरी पाडतात’ ही तक्रार होती. हातात पुस्तक आहे की करवत, हे असा जमाव विचारत नसतो. घरी जात, भाषा आणि प्रांत यांनी वेगळी राहिलेली ही माणसं तिथे एकाच नजरेने पाहिली जात होती. गुलाम देशाच्या माणसाला कुठेच पाठराखण नसते, हे दोघांनाही एकदमच उमगलं.

याची परतफेड मजुरांनी फार सुंदर केली. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ बटाट्याची मोठी शेती करणारे ज्वालासिंग यांनी १९१२ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी गुरू गोविंदसिंगांच्या नावाने शिष्यवृत्त्या ठेवल्या. त्या बर्कलेच्या विद्यापीठात शिकण्यासाठी होत्या आणि कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला खुल्या होत्या. ज्यांना स्वतःला शिकता आलं नाही, त्यांनी मातीतून काढलेला पैसा दुसऱ्याच्या शिक्षणाला दिला.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, या मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून जी संघटना उभी केली, ती गदर पक्ष म्हणून प्रसिद्ध झाली. सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि विद्वान लाला हरदयाळ सरचिटणीस. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअर होण्यासाठी अमेरिकेत गेले होते. तेही गदरमध्ये आले. बर्कलेला शिकण्याच्या इराद्याने गेलेला कर्तारसिंग सराभा त्यांचा सहकारी झाला. दोघं १९१४ मध्ये बंडाच्या तयारीसाठी भारतात परतले. मार्च १९१५ मध्ये पिंगळे मेरठच्या घोडदळाच्या छावणीत पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात दोघांनाही फाशी झाली. सराभा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

खानखोजे यांचं आयुष्य वेगळ्या वाटेने गेलं. ते पुढे मेक्सिकोत स्थिरावले. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या एका भित्तिचित्रात त्यांना स्थान दिलं. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. शेतकऱ्याला शिकवायचं तर त्याच्या बांधावर जाऊन, हा त्यांचा आग्रह कॉलेजच्या वर्गात जसा रुजला, तसाच मजुरांच्या टोळीतही रुजला असावा.

ही वाट पुढेही चालू राहिली. ऑक्टोबर १९२२ मध्ये जयप्रकाश नारायण सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. बर्कलेत प्रवेश मिळायला जानेवारी उजाडणार होता. तोवर ते मेरीज्व्हिलकडच्या द्राक्षमळ्यात एका पठाण मुकादमाच्या टोळीत राबले. द्राक्षं उन्हात वाळवून बेदाणे करायचं काम. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला थॉमसन सीडलेस हे नाव नवं नाही. ते नाव ज्याच्यावरून पडलं, तो शेतकरी याच परिसरातला. पुढे बर्कलेची फी परवडेना म्हणून जयप्रकाशांनी आयोवा गाठलं. मग विस्कॉन्सिन, मग ओहायो. हॉटेलात, कारखान्यात, मिळेल तिथे काम करत त्यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली आणि १९२९ मध्ये ते समाजवादी होऊन परतले. त्यांनी मार्क्स वाचला विस्कॉन्सिनमध्ये, पण मजूर म्हणजे काय हे त्याआधीच त्यांना ठाऊक झालं होतं.

या हालअपेष्टांचं कौतुक करताना एक भान ठेवायला हवं. सुट्टीतल्या मजुरीवर सगळं शिक्षण निभावतंच असं नाही. जयप्रकाशांसारख्या हुशार विद्यार्थ्यालाही फीपायी विद्यापीठ सोडावं लागलं. म्हणूनच कर्मवीर भाऊराव पाटलांचं काम मोठं वाटतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड वसतिगृहातच घातली. सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. काम शोधत वणवण करण्याची वेळ मुलावर येऊ नये, संस्थेनेच ते द्यावं, ही त्यामागची दृष्टी. आज आपल्या विद्यापीठांत याच नावाच्या योजना चालतात.

यंदा घरातला मुलगा किंवा मुलगी सुट्टीत काम धरणार असेल, तर पगार आणि प्रमाणपत्र यांची चौकशी जरूर करावी. पण संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा. तुझ्या शेजारी कोण काम करतं, त्याचं घर कसं चालतं? खानखोजे आणि जयप्रकाश यांना हे फळबागांत आणि गिरण्यांत कळलं. फीचे डॉलर कधीच संपले, ही ओळख मात्र त्यांना जन्मभर पुरली.